काज-बटण

दिवसाला तीनशे शर्ट.
लालबागच्या एका पोटमाळ्यावर बसून
शाळांच्या गणवेशांना मी काजं करतो, बटणं लावतो.
चार भोकं, सहा टाके, गाठ, पुढचं.
हात आपले आपण चालतात,
त्यांना मला विचारावं लागत नाही.

निनादचे हात विचारतात.
एकेक बोट थांबून विचारतं, आता कुठे जाऊ?
आणि वरून निरोप येईपर्यंत
बटण काजाच्या तोंडाशी येऊन
परत फिरलेलं असतं.

नाव मीच ठेवलं होतं. निनाद.
तेव्हा कुठे ठाऊक होतं
की खालच्या भुवडकाकूंचा मिक्सर लागला
की याचे दोन्ही हात फेकल्यासारखे बाजूला जातील,
पाठ फळीसारखी ताठ,
वरणभात भिंतीवर.
आता काकू जिन्यातूनच ओरडतात,
"निनाद्या, चटणी वाटतेय रे!"
आणि दहापर्यंत मोजून मग खटका दाबतात.
कुकरला मात्र अजून शेजारधर्म आलेला नाही.

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
तस्नीम मॅडमनी राजम्याच्या टबात
त्याचे हात कोपरापर्यंत बुडवले.
माझं लक्ष राजम्याकडे, दहा किलो तरी असेल.
त्या म्हणाल्या, "हलकं गोंजारू नका त्याला.
त्याच्या कातडीला ते मुंग्यांसारखं लागतं.
धरायचं तर घट्ट धरा."
सहा वर्षं मी या पोरावरून
बोटांची टोकं तेवढी फिरवत आलो, मोडेल म्हणून.
सहा वर्षं मी त्याच्या अंगावर
मुंग्या सोडत होतो.

घरी येऊन कपड्यांची झडती घेतली.
कॉलरमागची लेबलं उसवली,
मोजे शिवण बाहेर ठेवून उलटे घालायला लागलो,
चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली,
आणि चिंचोक्यांची पिशवी शिवली, सव्वा किलोची,
जेवताना मांडीवर ठेवायला.
ती असली की तो खुर्चीत असतो.
नसली की खुर्चीतून सांडत राहतो.

गणवेशाला वेल्क्रो लावलं.
वरून शोभेची बटणं, कुणाला कळू नये म्हणून.
चर्रर्र झालं
आणि निनादनं कान झाकले.
हाताला सोपं केलेलं कानात घुसलं.
रात्री बसून सगळं उसवलं.
वृषाली काही बोलली नाही,
दिवा तेवढा जवळ सरकवला.

मग कोटाची बटणं आणली, दहा रुपयांच्या नाण्याएवढी,
आणि काजं आडवी, सैल,
आमच्या शेठनं पाहिली असती तर
मजुरी कापली असती अशी.

पहिलं बटण, सव्वीस मिनिटं.
शाळेची गाडी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देऊन गेली.
(हॉर्नला तो पुन्हा उडाला, बटण पुन्हा निसटलं,
ते मी सव्वीसात धरलेलं नाही.)
दुसरं बटण उद्या, म्हणाला.
उद्या नाही झालं. परवाही नाही.
गुरुवारी झालं, चुकीच्या काजात.
मी नीट करायला हात नेला
तर त्यानं माझं मनगट धरलं,
घट्ट,
मॅडमनी सांगितलं होतं तसं.
तसाच गेला, एक बाजू वर, एक खाली.
मी त्या दिवशी दोनशेऐंशीच केले.

रात्री दिवा घालवला की
अंधारातून विचारतो,
"बाबा, माझा डावा पाय कुठाय?"
पहिल्यांदा मी हसलो होतो.
डोळ्यांना दिसेनासा झाला की
त्याचा पाय खरंच हरवतो.
चादरीखाली चाचपडत मी घोटा शोधतो,
दिवसभराच्या पट्ट्याचा वळ अजून तिथेच.
दाबून धरतो.
"हा इथे."
"हां," म्हणतो.
श्वास लागतो, खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढतं,
मला वाटतं झोपला.

"आणि उजवा?"